झोळीखालची गोधडी

त्या दोन रात्री नीट पार पडल्या असत्या, तर विश्राम सरांना बरंच काही मिळणार होतं. मे महिन्यातल्या मोहिमेचं नेतेपद. ‘सरांचं आता वय झालं’ म्हणणाऱ्या, आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या कार्यकारिणीतल्या तिघांची बंद झालेली तोंडं. आणि घरी वहिनींना सांगायला एक कारण, की गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायला अजून अवकाश आहे. देवदाराच्या बुंध्याला पट्टा गुंडाळता गुंडाळता मी हे सगळं मनात मांडून घेतलं. मी तेव्हा एका कारखान्यात भांडारपाल होते. त्या नोकरीत सवयच लागते; माणूस समोर आला की आधी त्याच्या नावावर काय जमा आणि काय येणं आहे तेच दिसतं.

“कुमुद, पट्टा बांधतेयस की झाडाचं माप घेतेयस?” सर पलीकडून म्हणाले.

“दोन्ही, सर.”

“मग उंचीही बघ. खुर्चीएवढी ठेव. वरून पडलो तर लागणार नाही, खाली चार फूट बर्फ आहे. पण परागला फोटो मिळेल.”

“मी कॅमेरा काढूनच ठेवलाय,” पराग म्हणाला.

आम्ही संगमनेरचे. कुलूच्या बाजूला, साडेनऊ हजार फुटांवर, जानेवारीत, उभ्या उताराच्या जंगलात झोळ्या टांगत होतो. सगळं खूळ सरांचं. मेमधल्या मोहिमेच्या वाटेवर तंबू लावायला सपाट जागाच नव्हती, नुसता उतार आणि झाडं. सर म्हणाले, मग झाडांनाच टांगून घेऊ. दोन झाडांमध्ये कापडी झोळी, वर ताडपत्री, आत स्लीपिंग बॅग. मेमध्ये वरच्या तळावर जेवढी थंडी असते तेवढी खालच्या जंगलात जानेवारीत असते, तेव्हा कार्यकारिणीने अट घातली: दोन रात्री तिथे, याच सामानावर राहून दाखवा. बाहेरून एक काडी घ्यायची नाही. पार पडलं तर सर नेते, नाहीतर पराग.

पराग लोणकर औषधांच्या दुकानात बसायचा. सत्तावीस वर्षांचा, वाचून सगळं पाठ. त्याचं म्हणणं, झोळीत थंडी वरून येत नाही, खालून येते. बॅगेतलं पीस पाठीखाली दबतं, आणि दबलेलं पीस म्हणजे नुसतं फडकं. म्हणून झोळीच्या पोटाखाली, बाहेरच्या अंगाने, पिसांची वेगळी रजई टांगावी लागते.

“गोधडी टांगू,” सर म्हणाले होते.

“सर, सुती कापड ओल धरतं.”

“अरे, अख्खा अकोले तालुका गोधडीत झोपून मोठा झाला.”

“अकोल्याला उणे पंधरा होत नाही.”

“म्हणून सोळा थरांची शिवून घेऊ.”

तशा तीन शिवून घेतल्या अनसूयाबाईंकडून, कडांना नाड्या लावून. सरांची जांभळी, परागची हिरवी आणि माझी कुंकवाच्या रंगाची. या सगळ्यात माझं काय होतं तेही सांगून टाकते. सरांच्या यादीत शिखरावर जाणाऱ्या सहा जणांत माझं नाव होतं. मंडळातून तोवर एकही बाई त्या उंचीवर गेली नव्हती. परागच्या यादीत त्याचे कॉलेजातले चार दोस्त होते आणि मी होते ‘तळावरची व्यवस्था’ या सदरात. म्हणजे गोधडी जिंकली तर मी वर जाणार, गोधडी हरली तर मी खाली डाळ शिजवणार.

चौथा आमच्याबरोबर लुदरचंद. खालच्या गावातला मेंढपाळ, चाळिशीचा. तो झोळीत झोपायला तयार नव्हता. पंधरा पावलांवर एका कपारीखाली शेकोटी पेटवून, अंगाला लोकरीचा पट्टू गुंडाळून तो बसायचा आणि आमच्याकडे बघत राहायचा. पहिल्या संध्याकाळी त्याने प्रत्येक झाडावर काठीने ठोकून वर सुकलेली फांदी नाही ना ते बघितलं. माझी दोन झाडं त्याने रद्द केली.

“रात को टूटेगी तो सीधा पेट में,” तो म्हणाला. मग गोधडीची कड चिमटीत धरून त्याने मला विचारलं, “ये क्या है, साड़ी?”

“सोलह साड़ी.”

त्याने मान डोलावली, जशी आपण दुसऱ्याच्या देवाला डोलावतो.

मंडळाचा आणखी एक रिवाज सांगितला नाही तर पुढचं कळणार नाही. रात्री ‘थंडी वाजतेय’ असं जो पहिला म्हणेल, त्याने सकाळची सगळी भांडी घासायची. रतनगडावर कधीतरी गमतीत सुरू झालेलं. तिथे थंडी ती किती, डिसेंबरात सात-आठ अंश. पण वीस वर्षांत तो जणू कायदा झाला होता. आमच्यात माणसं हुडहुडी भरून दात वाजवतील, पण तो शब्द काढणार नाहीत. अख्ख्या कॅम्पची खरकटी भांडी बर्फाच्या पाण्यात घासण्यापेक्षा गोठलेलं बरं, असं आम्ही हसत म्हणायचो.

पहिली रात्र उणे आठ. झोपण्याआधी परागने सगळ्यांकडून पाठ म्हणून घेतल्यासारखं करवून घेतलं: गूळ-तूप खा, कोरडे मोजे घाला, लघवीला जाऊन या, गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून मांड्यांत धरा, तोंड बॅगेच्या बाहेर ठेवा, श्वासाची वाफ आत गेली की बॅग ओली होते.

“डॉक्टर, आणखी काही?” सरांनी विचारलं.

“आणि थंडी वाजली तर सांगा. हे महत्त्वाचं.”

“भांडी टाळायची बघतोयस,” सर म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

सकाळी सर झोळीतून उतरले ते पाय जोडून, एकदम. मग शेकोटीजवळ बराच वेळ उभे राहिले, पाठ आगीकडे करून. कार्यकारिणीला द्यायच्या कागदावर प्रत्येकाने रात्र कशी गेली ते लिहून सही करायची होती. परागने लिहिलं, ‘पाठ गार पडली. तीनदा उठलो.’ सर कागद हातात घेऊन थांबले.

लुदरचंद गावात जाऊन दूध घेऊन आला होता. त्याच्या खांद्यावर मेंढीची दोन कातडी होती, दाट लोकरीची. त्याने ती सरांसमोर टाकली.

“साब, भेड़ को देखो. पेट की ऊन ऊपरवाले ने ऐसे ही नहीं दी. नीचे डालो.”

सरांनी वाकून त्या लोकरीत हात घातला. बोटं पार आत गेली. हात काढून घ्यायला त्यांना जरा वेळ लागला.

“कातडं घेतलं तर अट मोडली,” पराग हळू म्हणाला. “पण घ्या, सर. आज वर जायचंय. उणे पंधराच्या खाली जाईल.”

“मोडली म्हणजे तू नेता.”

“मी तेवढ्यासाठी म्हणत नाहीये.”

“तेवढ्यासाठी नाही, पण तेवढंही.” सर हसले. मग माझ्याकडे वळले. “कुमुद, तू सांग. तू हवेत बोलणारी नाहीस. तुझी रात्र कशी गेली? खरं.”

मी हातातला चहा संपवला.

“मस्त,” मी म्हणाले. “पहाटे तर घाम आला.”

“पाठीला?”

“पाठीलाच. अनसूयाबाईंचे पाय धरले पाहिजेत.”

“बघ,” सर परागला म्हणाले. “हिचं वजन पन्नास किलो, अंगात चरबी नाही. हिला ऊब येते आणि तुला येत नाही, म्हणजे तुझी बांधायची पद्धत चुकतेय.”

त्यांनी कातडी घडी करून लुदरचंदला परत दिली आणि कागदावर लिहिलं, ‘रात्र समाधानकारक.’ खाली मी ‘उबदार’ लिहून सही केली. लुदरचंद माझ्याकडे नुसता बघत होता. मेंढरं मोजताना बघतात तसा.

त्या दिवशी आणखी हजार फूट चढलो. दुपारी भुरभुर बर्फ पडत होतं. गोधड्या पिशव्यांच्या बाहेर बांधलेल्या, कारण आत मावत नव्हत्या. संध्याकाळी सोडल्या तेव्हा तिन्ही जड लागल्या. सरांनी त्यांची झटकली. तासाभराने तिला हात लावला तर ती कडक झाली होती, पत्र्याच्या तुकड्यासारखी. झोळीच्या पोटाला बिलगायची सोडून मध्येच वाकून लोंबकळत होती.

“वळेल. अंगाच्या उबेने मऊ पडेल,” सर म्हणाले.

 आपली दोन्ही जाकिटं काढून परागने बॅगेखाली पसरली आणि दोरीच्या उड्या मारल्यासारखा जागच्या जागी नाचत राहिला.

मी झोळीत शिरले तेव्हा साडेआठ वाजले असतील. झाडांमधून वारा नव्हता. आवाज नसला की थंडी जवळ येते. मला झोप येईना. सरांची झोळी माझ्यापासून दोन हातांवर, एकाच झाडाला तिचं डोकं आणि माझं डोकं. त्यांनी कूस बदलली की पट्टा करकरायचा आणि माझं झाड मला ते सांगायचं. सतत करकरत होतं. डावी कूस, उजवी कूस, पुन्हा डावी. मग चेन उघडल्याचा आवाज, मग लागल्याचा. मग बाटली. मग दात. दातांचा आवाज त्यांनी रुमाल चावून दाबला, तेही कळलं.

“सर, झोपलात?” पलीकडून परागने विचारलं.

“मस्त,” सर म्हणाले. “तू?”

“मस्त.”

“कुमुद?”

“मस्त, सर.”

तिघांनीही एकाच सुरात सांगितलं. लुदरचंदने इथेही कपार शोधली होती; तिथून त्याचा खोकला आला, तो खोकला होता की हसू ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग करकर, करकर. मी मनात मोजू लागले. दहा मिनिटांत चौदा वेळा. नंतर दहा मिनिटांत नऊ. घड्याळात दोन वाजून गेले. नंतर दहा मिनिटांत चारच वेळा. नंतर पट्टा वाजायचा थांबला.

मला बरं वाटलं. झोप लागली त्यांना, म्हटलं. आता चार तास काढले की उजाडेल. मी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. माझं अंग गरम होतं, डोकं थंड होतं आणि थंड डोक्याने मी एक गोष्ट समजून चुकले होते: एवढा वेळ न झोपलेला माणूस असा एकदम, हुडहुडी कमी न होता, गुपचूप झोपत नाही. परागने तेही पाठ करून घेतलं होतं. काकडणं थांबलं की घाबरायचं, आणि उकडतंय म्हटलं की त्याहून जास्त.

तरी मी हाक मारली नाही. घड्याळ बघितलं. दोन वाजून चाळीस. पुन्हा बघितलं, तीन वाजून पाच. उठावं आणि उठू नये, यात मी बॅगेची चेन चार वेळा उघडली आणि चार वेळा लावली. हाक मारली आणि ते झोपलेले असले, तर मी सरांचं हसं केलं असं होईल. हाक मारली आणि ते झोपलेले नसले, तर मोहीम संपली. तीन पंचवीस. तीन चाळीस.

“सर,” मी म्हणाले.

काही नाही.

“विश्राम सर.”

“हं.” आवाज जाड, तोंडात काहीतरी धरल्यासारखा. “उकडतंय गं. जाकीट काढून... काढून टाकलंय.”

मी झोळीतून बाहेर कशी आले ते आठवत नाही. “पराग, थंडी,” मी म्हणाले.

“भांडी तुझी, ताई,” पराग झोपेतच बोलला.

“सर गारठलेत. ऊठ.”

पुढचं सगळं भराभर झालं आणि तरी संपेना. लुदरचंद आमच्या आधी पोचला होता. तो जागाच होता. सरांची बॅग उघडी, जाकीट बर्फावर, हात उघडे. पाठीखाली झोळीचं कापड बर्फाच्या लादीसारखं. त्यांना उभं करायला पराग काखेत हात घालत होता, लुदरचंदने त्याचा दंड धरला.

“खड़ा मत करो. उठाके लाओ. धीरे.”

तिघांनी त्यांना आडवंच उचलून कपारीखाली आणलं. पराग त्यांचे पाय चोळायला लागला. लुदरचंदने तेही थांबवलं. “रगड़ना नहीं. चमड़ी निकलेगी.” त्याने स्वतःचा पट्टू सोडून सरांभोवती गुंडाळला. शेकोटीवरच्या पाण्याने बाटल्या भरल्या, मोज्यांत घातल्या, काखेत ठेवल्या. सगळं ठीक चाललं होतं, पण सर पडले होते ते दगडावर, आणि दगड बर्फाइतकाच थंड.

“नीचे,” लुदरचंद म्हणाला. “नीचे कुछ डालो. कुछ है?”

परागने आपली जाकिटं आणली. ती भिजून गोठलेली. गोधड्यांकडे त्याने बघितलंही नाही.

“कुछ सूखा. जल्दी.”

मी उभी होते.

“ताई, काही आहे का?” पराग म्हणाला. “काहीही.”

मी माझ्या झोळीकडे गेले, बॅग बाजूला केली आणि आतून निळी फोमची चटई ओढून काढली. बोटभर जाडीची, माझ्या अंगाच्या मापाने कापलेली. संगमनेरहून निघायच्या आदल्या दिवशी घेतली होती, बॅगेच्या आत गुंडाळून आणली होती. भांडारात प्रत्येक गोष्टीची एक जादा ठेवायची असते. दोन्ही रात्री मी तिच्यावर झोपले होते. पहाटे घाम आला होता, ते काही खोटं नव्हतं.

चटई आगीच्या उजेडात आली तेव्हा परागने तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. लुदरचंदने पाहिलं नाही. त्याने ती नुसती घेतली, सरांना कुशीवर वळवून खाली सरकवली आणि पुन्हा पाठीवर निजवलं.

पाच-साडेपाचला सर पुन्हा काकडायला लागले. “अच्छा है,” लुदरचंद म्हणाला, “अब अच्छा है.” परागने साखरेचं गरम पाणी घोटघोट पाजलं. उजाडता उजाडता त्यांचे डोळे नीट लागले, म्हणजे माणसांवर लागले. त्यांचा उजवा हात पट्टूखालून बाहेर आला, बाजूला सरकला आणि चटईच्या कडेवर थांबला. बोटांनी ती दाबून बघितली. चित्रकलेचे शिक्षक, कापड कुठलं, कागद कुठला, हाताला कळायचं त्यांच्या.

“ही कुणाची?” त्यांनी विचारलं.



“माझी, सर.”

“कालही होती?”

“हो.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, “बरी आहे. पातळ आहे, पण बरी आहे.” एवढंच. मी त्यांच्या शिव्यांची वाट बघत होते. वर्गात पेन्सिल नीट धरली नाही तर ते पोरांना अर्धा तास बोलायचे.

लुदरचंदने गावातून माणसं बोलावली, पाट आणला. गावापर्यंत चौघांनी, खाली रस्त्यापर्यंत आठ जणांनी सरांना त्या लाकडाच्या पाटावर आणलं. पराग पाट सोडायला तयार नव्हता. वाटेत एकदाच तो माझ्याजवळून चालला.

“मी पण गप्प बसलो,” तो म्हणाला. “दीड वाजता मला त्यांचे दात ऐकू येत होते. म्हटलं, मी बोललो तर नेतेपदासाठी बोललो असं होईल. त्यांनाच म्हणू दे.” मग म्हणाला, “पण मी खरोखर गारठलो होतो, ताई.”

मार्चमध्ये सरांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. एप्रिलच्या पहिल्या रविवारी कार्यकारिणी बसली. सर कुबडी घेऊन आले. खुर्ची नको म्हणाले, उभेच राहिले.

“गोधडी माझी कल्पना,” ते म्हणाले. “ओली झाली होती, ते मला दिसत होतं. मेंढीचं कातडं समोर आलं होतं, मी परत पाठवलं. बाकी कुणाचा संबंध नाही.”

“पण कुमुदने पहिल्या रात्री ‘उबदार’ म्हणून सही केलीय,” एकाने कागद उलटून म्हटलं. “मग तिला कशी ऊब आली?”

पराग माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण सर आधी बोलले.

“तिची प्रकृतीच तशी आहे,” ते म्हणाले. “काही काही माणसांना थंडी लागत नाही.”

तिघं-चौघं हसले. पुढचा विषय घेतला गेला.

नेता पराग झाला. यादी वाचली तेव्हा त्याच्या दोस्तांपैकी एकाच्या जागी माझं नाव होतं. बाहेर पडताना मी त्याला विचारलं, का. “तू स्वतःची काळजी घेतेस,” तो म्हणाला. “वर तसा एक माणूस लागतो. बाकीच्यांना मी सांभाळीन.” त्यानंतर मोहीम संपेपर्यंत कामाव्यतिरिक्त तो माझ्याशी बोलला नाही. सरांच्या घरीही तो गेला नाही. माझ्यासाठी ते खोटं बोलले, हे त्याला पचलं नाही.

आता चौदा वर्षं झाली. सरांची दोन बोटं गेली, नेतेपद गेलं आणि डोंगर गेला. नंतर ते फार तर पायथ्याशी बसून चित्रं काढायचे. परागचं सरांकडे जाणं संपलं, सर वारले तेव्हा तो स्मशानात आला, घरी नाही. लुदरचंदच्या पट्टूला त्या पहाटे शेकोटीची ठिणगी लागून वीतभर भोक पडलं, त्याच्या बायकोने तो चार महिने खपून विणला होता. मी सव्वीस मेला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शिखरावर होते. हातापायांची वीसच्या वीस बोटं शाबूत, पाठ गरम.